एस्थर मॅडमचा नांगर

माझ्याकडे माणूस सहसा दोन वेळी येतो. नवं घर बांधून झालं की, नाहीतर घरातलं कुणी गेलं की. दोन्ही वेळी त्याला दगडावर नाव हवं असतं आणि नावाच्या वर एखादी खूण. नावावरून फारसे वाद होत नाहीत. वाद होतात ते त्या वरच्या चार बोटं जागेवरून. चाळीसेक वर्षं मी ग्वाल्हेरच्या इंदरगंजात दगडावर अक्षरं आणि खुणा कोरत बसलो. आता उजव्या हाताची दोन बोटं सकाळी वळत नाहीत आणि बोलताना मध्येच खोकला येतो. तेव्हा जे आठवतं ते लिहून टाकतो. सगळं लिहिण्याइतका दम नाही.

काम समजायला सोपं आहे. दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर पेन्सिलीने रेघा मारायच्या, बारीक ब्रशने अक्षरं लिहायची आणि मग छिन्नी तिरकी धरून प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी कापत जायची. अक्षराच्या पोटात खोल चीर राहते, तिच्यात सावली बसते, म्हणून ते लांबून वाचता येतं. शेवटी रंग भरायचा. अवघड आहे ते एवढंच की चुकलेलं पुसता येत नाही. कागद फाडून दुसरा घेता येतो. दगड तसाच तोंडासमोर उभा राहतो.

पहिली मोठी चूक मी वडिलांच्या हाताखाली नवखा असताना केली. जैन धर्मशाळेची पाटी होती. वर स्वस्तिक काढायचं होतं. आमच्या देवघरासमोर रोज निघतं तसं मी काढलं, चार घरांत चार ठिपके देऊन. पाटी घ्यायला धर्मशाळेचे बाबूजी आले, सत्तरीचे, अगदी हळू बोलणारे. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि माझ्या वडिलांना नाही, मलाच जवळ बोलावलं. स्वस्तिकाच्या एकेका हातावर बोट ठेवत म्हणाले, "ही देवगती, ही मनुष्यगती, ही पशुपक्ष्यांची आणि ही नरकाची. जीव या चारांत फिरत राहतो. वर तीन ठिपके हवेत: श्रद्धा, ज्ञान, आचरण. त्यांच्या वर अर्धा चंद्र आणि त्यात एक ठिपका, मुक्त झालेल्यांची जागा. बेटा, तुमने हमें चारों गतियों में छोड़ दिया, ऊपर निकलने का रास्ता ही नहीं बनाया."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. वडिलांनी तो दगड उलटा करून भिंतीला लावला आणि मला दुसरा दिला. "आता विचारून काढ," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी विचारू लागलो. खूण काय आहे, ते मला दिसतंच. ती तुमच्यासाठी काय आहे, ते सांगा.

लोक सांगतात. कुणी विचारतच नाही म्हणून असेल, पण भरभरून सांगतात. मुरारच्या छावणीतून निवृत्त झालेले एक सरदारजी सुभेदार घराच्या पाटीसाठी आले होते. एक ओंकार त्यांनी स्वतः कागदावर काढून आणला होता. मी तो दगडावर उतरवला आणि नेहमीसारखा दगड जमिनीवर ठेवून, डाव्या पायाने दाबून कोरायला बसलो. दगड हलू नये म्हणून सगळे कारागीर पायच लावतात. सुभेदार उठले, दगडाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "साळुंखे जी, अब पैर नहीं. लिख दिया तो लिख दिया." मग दोघांनी मिळून तो टेबलावर ठेवला. त्यानंतर खूण कुठल्याही धर्माची असो, मी ती टेबलावरच कोरली. पाठ त्यातच गेली, पण ते असो.

एकदा दोन मुसलमान भाऊ आले, वडिलांच्या कबरीच्या पाटीसाठी. धाकट्याला चाँद-तारा हवा होता. थोरले शाळेत उर्दू शिकवायचे. ते म्हणाले, "वो तो झंडों पे होता है, अब्बा झंडा थोड़े ही थे." धाकटा म्हणाला, "मग लांबून कळणार कसं की कबर आपली आहे?" थोरले म्हणाले, "ज्याला अब्बांकडे यायचंय तो नाव वाचेल." दोघं तास-दीड तास माझ्या दुकानात भांडले आणि भांडता भांडता रडले. शेवटी मी नुसतं नाव कोरलं आणि कडेने साधी वेल काढली. वेलीला कुणाची हरकत नसते.

वेलीचा हा उपयोग पुढे आणखी एकदा झाला. एका नव्या कॉलनीच्या फाटकावर सगळ्या धर्मांच्या खुणा एका ओळीत हव्या होत्या. चांगली कल्पना होती. पण ओळ म्हटली की पहिलं कोण, हा प्रश्न आला. मी सुचवलं, गोल काढू. गोलातही वर कोण, खाली कोण, हे निघालं. एक बाई म्हणाल्या, नुसतं कमळ काढा, ते सगळीकडे असतं: लक्ष्मी कमळावर, बुद्ध कमळावर. लगेच कुणाला तरी निवडणूक आठवली. तीन बैठकांनंतर पाटीवर 'सुस्वागतम्' एवढंच आलं, आणि दोन्ही बाजूंना वेल.

हे मी हसण्यासाठी सांगतो. पण एका खुणेबद्दल मला हसता येत नाही. ती एस्थर मॅडमची.

एस्थर मॅडम एका मिशन शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या यजमानांच्या कबरीचा दगड मीच केला होता, तेव्हापासूनची ओळख. उंच, ताठ, पांढरी साडी, हातात छत्री. एका उन्हाळ्यात त्या रिक्षाने दुकानी आल्या आणि म्हणाल्या, "साळुंखे, अब मेरा पत्थर बना दो. मैं देखकर जाना चाहती हूँ."

असे लोक असतात. मला नवल वाटलं नाही. नाव, जन्माचं वर्ष लिहून घेतलं आणि विचारलं, वर क्रॉस साधा हवा की येशूच्या मूर्तीसकट? कारण तिथेही फरक आहे. काहींना रिकामा क्रॉस लागतो, येशू पुन्हा उठला हे दाखवणारा. काहींना त्याने सोसलं ते दिसायला हवं असतं.

"क्रॉस नहीं," त्या म्हणाल्या. "लंगर."

मी पेन्सिल थांबवली. लंगर म्हटल्यावर आमच्या ग्वाल्हेरात माणसाला किल्ल्यावरचा गुरुद्वारा आठवतो, पंगत, डाळ, पोळ्या. मी विचारलं, "मॅडम, रोटीवाला लंगर?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वर कडी, मध्ये उभा दांडा, त्याला आडवी पट्टी आणि खाली दोन्हीकडे वर वळलेले आकडे. जहाजाचा लंगर. मराठीत नांगर. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मॅडमना दगडावर नांगर हवाय, तर शैला म्हणाली, "का? शेती होती त्यांची?" दोन भाषांत राहणाऱ्या माणसाला एवढ्याशा लोखंडासाठी दोनदा खुलासा करावा लागतो.

मॅडमनी मात्र नीट समजावलं, फळ्यासमोर उभ्या असल्यासारखं. फार जुन्या काळी, त्यांच्या धर्माच्या सुरुवातीला, उघड क्रॉस काढणं धोक्याचं होतं. तेव्हा लोक आपल्या माणसांच्या कबरींवर नांगर काढत. परक्याला जहाज दिसे, आपल्या माणसाला त्यातला उभा-आडवा क्रॉस दिसे. आणि अर्थ आशेचा. वादळात जहाज धरून ठेवतो तो नांगर.

"पर ग्वालियर में समंदर कहाँ, मॅडम?" मी म्हणालो.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मेरा डेविड सात साल से घर नहीं आया."

डेव्हिड त्यांचा एकुलता मुलगा, बंगळूरला नोकरीला. त्याने विद्या नावाच्या हिंदू मुलीशी लग्न केलं. लग्न चर्चमध्ये झालं नाही, कचेरीत झालं. मॅडम गेल्या नाहीत. त्याने फोनवर पुन्हा पुन्हा बोलावलं. त्या म्हणाल्या, जिथे क्रॉस नाही तिथे मी उभी राहणार नाही. त्यानंतर त्याने फोन करणं सोडलं.

"ज़िद मेरी थी," त्या म्हणाल्या. "आता मी फोन केला तर तो उचलत नाही. पत्र पाठवलं, ते परत आलं, बहुतेक घर बदललं असेल. साळुंखे, क्रॉस पर मैंने बहुत हक़ जताया. माझ्या दगडावर आशा राहू दे. तो कधी तरी येईल, पाहील आणि विचारेल की हे काय आहे. तेव्हा तू सांग."

मी म्हणालो, सांगेन. किती सहज म्हणालो.

दगड झाला. मॅडम पाहायला आल्या, आकड्याच्या टोकावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडून त्या चित्राचा कागद मागून घेतला. मृत्यूच्या तारखेची जागा सोडून दगड माझ्याकडेच भिंतीला टेकवून राहिला. चार वर्षं राहिला. मॅडम अधूनमधून येत, खुर्चीवर बसत, इकडचं तिकडचं बोलत. दगडाकडे बघत नसत.

त्या गेल्याचं मला चर्चच्या एका माणसाकडून कळलं. चर्चवाल्यांनी डेव्हिडला कळवून तो येईपर्यंत दफन थांबवलं होतं. दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो दुकानी आला, एकटाच. आईसारखाच उंच. दगड पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे काय आहे? मम्मी नेव्हीत नव्हत्या."

मी म्हणालो, "मॅडमनी स्वतःच सांगितलं होतं. त्याचा अर्थ..."

"अंकल, शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं. शेजारच्यांनी सांगितलं मला. यह हटाइए, क्रॉस बनाइए." मग थांबून म्हणाला, "मम्मी के लिए क्रॉस से बड़ा कुछ नहीं था. बेटा भी नहीं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. बस जरा, मी सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. पण तो घड्याळ पाहत होता. परवाचं विमान होतं. माझा हात सकाळपासून ठणकत होता. शेजारच्या गल्लीत मशीन आलं होतं, ते अर्ध्या तासात पाटी कोरून देतं, आणि माझ्याकडे माणसं येईनाशी झाली होती. या वयात परक्याच्या घरातलं भांडण कशाला अंगावर घ्या, असं वाटलं. शोकात असलेल्या माणसाला आणखी का दुखवा, असंही वाटलं. कारणं शोधली की पुष्कळ सापडतात. खरं कारण हे की मी थकलो होतो आणि मला ते काम संपवायचं होतं.

मी घासायचं यंत्र लावलं. दगडाचा वरचा चौकोन पाव इंच खाली उतरवला. मॅडमनी बोट फिरवलेला नांगर दहा मिनिटांत पांढरी पूड होऊन माझ्या बुटांवर पडला. त्या जागी साधा क्रॉस कोरला, तारीख भरली, आणि सगळ्यात खाली त्याने सांगितलं तसं लिहिलं: 'पुत्र डेविड'. मुरारकडच्या कब्रस्तानात दगड उभा झाला. तो विमानाने गेला.

शैलाने विचारलं, "त्याला सांगितलंत ना?" मी म्हणालो, "त्याला वेळ नव्हता." तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि उठून आत गेली.

पुढच्या वर्षी मी दुकान बंद केलं. सवय जायला वेळ लागतो, म्हणून सकाळी जयेंद्रगंजातल्या घराच्या पायरीवर बसून राहायचो. त्या दिवाळीनंतर एक गाडी दारासमोर थांबली. डेव्हिड उतरला, मागून एक बाई, तिशी-पस्तिशीची. त्याने ओळख करून दिली, "मेरी वाइफ़, विद्या."

मॅडमचं घर विकायला काढलं होतं. आवरताना विद्याला कपाटात एक कागद मिळाला. तो त्याने माझ्या हातात दिला. माझ्याच पेन्सिलीची मापं, मॅडमनी काढलेला नांगर, आणि मागच्या बाजूला त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द: डेविड.

"आपने कुछ कहना चाहा था उस दिन," तो म्हणाला. "क्या था?"

मी सांगितलं. लंगर, गुरुद्वारा, मॅडमचं हसणं, जुन्या कबरी, परत आलेलं पत्र, 'ज़िद मेरी थी' हे शब्द. त्या दिवसाचं काही वगळलं नाही. विद्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. डेव्हिडने मध्येच चष्मा काढला, तो परत लावला नाही.

"तब क्यों नहीं बताया, अंकल?"

मी इतकी वर्षं लोकांना विचारत आलो की ही खूण तुमच्यासाठी काय आहे. मला कुणी असं विचारलं नव्हतं. "थकलो होतो, बेटा," मी म्हणालो. "दुसरं काही कारण नाही."

त्याने कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, नवा दगड करून द्याल का? मी हात पुढे करून बोटं दाखवली. नवा दगड आता माझ्याच्याने होत नाही. मशीनवाल्याकडे जा, तो हुबेहूब करेल. तेव्हा विद्या पहिल्यांदा बोलली. तिने कागद मागून घेतला, नांगराच्या उभ्या-आडव्या दांड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नवा कशाला? क्रॉस तर यात आहेच. बाकीचं जोडता नाही येणार?"

कारागीर मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला गाडीने कब्रस्तानात घेऊन गेले. उभ्या दगडावर काम करायचं म्हणजे गुडघे टेकून, हात अधांतरी. क्रॉसच्या माथ्यावर कडी काढायला जागा होती. खाली आकडे बसवायला कमी पडत होती. नावाच्या पहिल्या अक्षराचा माथा आड येत होता. मी डावा आकडा थोडा आखूड घेतला. पूर्वी असा वाकडा-तोकडा नांगर मी दुकानाबाहेर जाऊ दिला नसता. दर दहा मिनिटांनी छिन्नी खाली ठेवून हात झटकत होतो. डेव्हिडने दोनदा विचारलं, राहू द्यायचं का. मी म्हणालो, नाही.

दुपार झाली. रंग भरला. डेव्हिड दगडासमोर उकिडवा बसला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "अंकल, इसके आगे जगह है?"

'पुत्र डेविड'च्या पुढे हातभर दगड मोकळा होता. मी म्हणालो, आहे.

"तो यहाँ विद्या का नाम लिख दीजिए."

विद्या म्हणाली, "रहने दो. मम्मी को अच्छा लगता या नहीं, क्या पता."

डेव्हिड माझ्याकडे बघत होता. या वेळी मी गप्प राहिलो नाही. "चार वर्षं त्या माझ्या दुकानात येऊन बसत होत्या," मी म्हणालो. "एकदा मला म्हणाल्या, बहूचं नाव फार छान आहे, शाळेतल्या बाईची सून विद्या. मला हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

विद्याने तोंड फिरवलं. मी पेन्सिल मागितली, रेघ मारली आणि लिहिलं: 'एवं पुत्रवधू विद्या'. ते कोरून व्हायला ऊन उतरलं. 'द्या'ची गाठ कापताना छिन्नी सरकली, तिथे एक टवका जास्त उडाला आहे. कुणी गेलात तर दिसेल.

त्यांनी मला घरी सोडलं. शैला दारातच उभी होती. तिने विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणालो. "फार उशिरा झालं."

तिने घमेल्यात गरम पाणी आणून समोर ठेवलं. मी दोन्ही हात त्यात बुडवून बसलो. बोटं मोकळी व्हायला त्या दिवशी पुष्कळ वेळ लागला. त्यानंतर मी छिन्नी धरलेली नाही.